लेखनाचा नित्यनेम किती असावा?

लेखनाची हौस असलेल्या मनुष्याचे संकल्प बहुधा थोड्याच दिवसांत मोडतात, याचें कारण केवळ आळस नव्हे. संकल्प करतांना तो आपल्या उत्तमांतल्या उत्तम दिवसाचें माप घेतो, आणि तेंच पुढील सर्व दिवसांस लावूं पाहतो. हें माप कसें ठरवावें, याविषयीं इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप (१८१५–१८८२) याचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

त्याच्या घरांतच दोन परस्परविरुद्ध उदाहरणें होतीं. बाप ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या कोशाचें प्रचंड काम अंगावर घेऊन बसला होता. १८३५ सालीं तो वारला तेव्हां तें अपुरेंच राहिलें. आई फ्रान्सिस हिचें पहिलें पुस्तक १८३२ सालीं, तिची पन्नाशी उलटल्यावर प्रसिद्ध झालें. पुढें आजारी पति व मुलगा यांची शुश्रूषा करीत असतांहि तिनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. अँथनीनें कित्ता गिरविला तो आईचा.

१८३४ पासून १८६७ पर्यंत तो पोस्टखात्यांत नोकर होता, आणि तेवढ्या अवधींत त्यानें अनेक कादंबऱ्या लिहिल्या. वॉल्थम क्रॉस येथें राहावयास गेल्यावर तो पहांटे साडेपांचला मेजाशीं बसे; वेळेवर कॉफी आणून देण्याबद्दल जुन्या नोकरास वर्षाला ५ पौंड अधिक देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचा मजकूर वाचण्यांत जाई. मग घड्याळ पुढें ठेवून दर पाव तासास २५० शब्द, असा क्रम चाले. तीन तासांनीं काम बंद.

या हिशेबानें अडीच तासांत २५०० शब्द, म्हणजे आठवड्यास सुमारें १७,५०० शब्द व्हावयास हवेत. परंतु त्यानें प्रत्यक्षांत आठवड्याचें माप धरलें तें सरासरी ४० पानांचें, आणि पान २५० शब्दांचें; म्हणजे अवघे १०,००० शब्द. कधीं तें २० पानांवर उतरे, कधीं ११२ वर चढे. आमच्या मतें त्याच्या यशाचें मर्म येथें आहे. शक्ति होती त्याहून माप बरेंच कमी होतें, म्हणून प्रवास, दुखणें, कचेरीचा व्याप यांस त्यांत जागा राहिली. रोजच्या पानांचा आंकडा मात्र तो वहींत मांडी, आणि रिकामी जागा त्याच्या डोळ्यांस खुपे.

मृत्यूनंतर १८८३ सालीं त्याचें आत्मचरित्र निघालें, तेव्हां घड्याळाकडे पाहून लिहिणारा हा कलावंत कसला, असा आक्षेप आला. तो आम्हांस मान्य नाहीं. कथेचा विचार आपण रानांतून फिरतांना करतों, असें त्यानें १८७९ सालच्या एका निबंधांत सांगितलें आहे. घड्याळाचा अंमल हातावर होता. मनास दिवसभर मोकळीक होती. चिंतन आधींच झालेलें असल्यामुळें पहांटे शब्दांची वाट पाहत बसावें लागत नसे.

त्याच्या ४७ कादंबऱ्यांची बरोबरी करण्याचें आम्ही कोणास सुचवीत नाहीं. कचेरी किंवा संसार सांभाळून लिहूं इच्छिणारानें आपल्या चांगल्या दिवसाच्या निम्म्याइतकें माप धरावें, प्रारंभीं कालचें लेखन वाचावें, आणि दिवसाचा आंकडा प्रामाणिकपणें टिपून ठेवावा. मग तें माप अर्ध्या पानाचें कां असेना.