गाळाची बखर

घाटंजीला समुद्र नाही. तरी वाघाडीचे पाणी पैनगंगेत आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. पाण्याबरोबर आमची काळी मातीही जाते. गोदावरीच्या मुखासमोरील सागरतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभावरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गोदावरीच्या खोऱ्यातील जमिनीची धूप गेल्या काही सहस्रकांत कशी वाढली, हे त्या थरांवरून वाचता आले. कोणत्याही दप्तरात नसलेली ही नोंद समुद्राने जपली होती.

धातूंची नोंदही अशीच होते. सांडपाण्यातील पारा, शिसे, तांबे पाण्यात फार काळ राहत नाही. चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून ते तळाशी बसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून कारखाने उभे राहिले आणि ठाण्याच्या खाडीचा गाळ त्यांची बखर होऊन बसला.

ही बखर वाचणे मात्र सोपे नाही. आमच्या काळ्या मातीला जन्म देणारा बेसाल्ट ठाण्याच्या डोंगरांतही आहे, आणि त्यात तांबे व क्रोमियम मुळातच असतात. म्हणून गाळातला प्रत्येक कण कारखान्याच्या माथी मारता येत नाही. येथे आपल्या परिचयाची पाठचिकित्सा आठवते. पोथीतील प्रक्षेप वेगळे काढावेत, तसे संशोधक कारखान्यांपूर्वीचा खालचा थर मूळ पाठ मानतात, धातूचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात, आणि शिसे-२१० च्या किरणोत्सारावरून थराचे वय ठरवतात. गाळात बिळे करणारे जीव थर सरमिसळ करतात. ते या पोथीचे निष्काळजी लेखनिक होत.

परंतु पोथी जुनी झाली की निरुपद्रवी होते, तसे गाळाचे होत नाही. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याने तो पारा सोडणे १९६८ साली थांबवले, तरी आखातातील दूषित गाळ उपसून बंदिस्त करण्याचे काम १९९० पर्यंत चालले.

ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे उतरणारे रोहित पक्षी याच गाळातून अन्न गाळून घेतात. गाळ ढवळला की थरांत दडलेले धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतात आणि कालक्रमाचा पुरावाही पुसला जातो. म्हणून गाळ उपसण्याआधी तो नीट वाचला गेला पाहिजे, असे आम्हांस वाटते.