घरांतील ध्वनिमुद्रणशाळा

ध्वनिमुद्रण ही कंपन्यांच्या दालनांतच व्हावयाची गोष्ट आहे, आणि तें घरांत करूं पाहणारा मनुष्य म्हणजे केवळ हौशी नकलाकार, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही अद्याप आढळतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. आवाज टिपणारें यंत्र त्याच्या जनकानें घरासाठींही कल्पिलें होतें; मध्यंतरीं व्यापारानें तें घरांतून उचलून नेलें; आणि त्यास घरीं परत येण्यास सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं. हें जाणें व येणें कसें घडलें, आणि थोड्या खर्चांत घरीं गायनवादन टिपण्याची सोय करूं इच्छिणाऱ्यानें त्यापासून काय शिकावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

अमेरिकन संशोधक थॉमस एडिसन यानें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षीं एका नियतकालिकांत त्यानें या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. पत्रांचा मजकूर सांगणें, अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें करणें यांबरोबर त्यांत आणखी एक उपयोग होता. घरच्या माणसांचीं बोलणीं, त्यांच्या आठवणी, मरणोन्मुख आप्तांचे शेवटचे शब्द त्यांच्याच आवाजांत जपून ठेवणारी कुटुंबाची वही या यंत्रानें करावी, असें त्यानें सुचविलें. ही कल्पना पोकळ नव्हती. १८९६ च्या सुमारास त्याचीं घरगुती यंत्रें बाजारांत आलीं, तीं मेणाच्या नळकांड्यांवर चालत. ज्या यंत्रावर विकत आणलेलें गाणें ऐकावयाचें, त्यालाच मुद्रणाचा भाग जोडून घरांतल्या कोणाचेंही गाणें टिपतां येई. नको झालें तर मेणाचा वरचा थर तासून नळकांडें पुन्हां कोरें करतां येई. थोडक्यांत, या यंत्रास तोंड होतें तसा कानही होता.

हा कान तबकडीनें नेला. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. पुढें त्याच्या सपाट तबकडीच्या एका मूळ ठशावरून हजारों प्रती छापतां येऊं लागल्या. नळकांड्यांच्या प्रती काढणें इतकें सोपें नव्हतें. स्वस्त तबकडी जिंकली, आणि १९२९ सालीं एडिसनच्या कंपनीनेंही नळकांडीं करणें सोडून दिलें. घरोघरीं ग्रामोफोन आला. पण तो केवळ ऐकवणारा होता, ऐकणारा नव्हता. कुटुंबाची वही कोरीच राहिली, आणि तिच्या जागीं दुकानांतील यादी आली.

कंपन्यांच्या हातीं असें कोणतें अद्भुत साधन होतें, कीं जें घरीं जमूं नये ? १९०२ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, तेव्हां त्यानें हॉटेलच्या खोलींतच आपलें यंत्र मांडलें. एक कर्णा, मेणाची तबकडी, सुई आणि शांत खोली, एवढाच काय तो सरंजाम. मायक्रोफोननें ध्वनिमुद्रण करण्याचें युग १९२५ सालीं यावयाचें होतें. तोंवर गाणाऱ्यानें कर्ण्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजांत गावें लागे. अशा त्या खोलींत गौहरजाननें गाइलें, आणि शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें. कारण तबकड्या छापावयाच्या होत्या जर्मनींतील हानोव्हर येथें, व तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावयास पाहिजे होतें. म्हणजे पहिली ध्वनिमुद्रणशाळाही उसन्या खोलींतच उभी राहिली. कंपनीपाशीं होता तो निवडीचा अधिकार. कोणाचा आवाज उरावा, आणि त्यांतलीं कोणतीं तीन मिनिटें उरावीं, हें तिनें ठरवावयाचें.

या अधिकाराचें मोल महाराष्ट्रानें दिलें आहे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, आणि अल्लादियाखाँ १९४६ सालीं. दोघांच्याही गायनाची एकही तबकडी आपणांस लाभली नाहीं. भास्करबुवांचें गाणें मास्टर कृष्णरावांच्या, आणि खाँसाहेबांचें गाणें केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गायनावरून आपण ताडून पाहतों. याचीं कारणें कांहींही असोत. ज्या दिवाणखान्यांतून या थोरांच्या मैफली रंगल्या, तेथें गाणें वाजविणारें यंत्र असलें तरी टिपणारें साधन सहसा नसे, ही गोष्ट उरतेच.

कान परत मिळण्याचा आरंभ चुंबकीय फितीपासून झाला. १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जर्मनांनीं मॅग्नेटोफोन हें यंत्र मांडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन तंत्रज्ञानें त्याचे नमुने स्वदेशीं नेले, आणि १९४८ सालीं तेथील अँपेक्स कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. गिटारवादक लेस पॉल यानें तत्पूर्वींच हॉलिवूडमधील आपल्या मोटारखान्यांत ध्वनिमुद्रणाची खटपट चालविली होती. एक तबकडी वाजवीत तिच्या साथीला स्वतः वाजवावें, आणि दोहोंचा मिलाफ दुसऱ्या तबकडीवर टिपावा, अशा रीतीनें त्यानें एकट्यानें अनेक गिटारी वाजविल्या. फीत हातीं येतांच तोच प्रयोग त्यानें तिच्यावर केला. यांत शेवटच्या थराला चूक झाली तर आधींचे सर्व थर वायां जात. म्हणून यंत्रापूर्वीं हात तयार असावा लागे.

याच सुमारास न्यू जर्सींतील हॅकन्सॅक गांवीं रूडी व्हॅन गेल्डर नांवाचा चष्म्यांसाठीं डोळे तपासणारा एक तरुण आईवडिलांच्या दिवाणखान्यांत जॅझ टिपूं लागला. शेजारच्या खोलींत त्याचीं यंत्रें असत, व मध्यें कांचेची खिडकी होती. दिवसा नेत्रपरीक्षा करावी आणि मिळकत यंत्रांत घालावी, असा त्याचा क्रम १९५९ पर्यंत चालला. माइल्स डेव्हिसनें १९५६ सालीं अवघ्या दोन दिवसांच्या बैठकींत या घरीं एवढें वाजविलें कीं, त्यावरून चार गाजलेल्या तबकड्या निघाल्या. थेलोनियस मंकनें तर आपल्या एका रचनेस या गांवाचेंच नांव दिलें. या दिवाणखान्याचें यश केवळ यंत्रांचें नव्हतें; त्या एका खोलींत आवाज कोठें उठतो, कोठें घुमतो, कोठें दबतो, हें त्या माणसास वर्षानुवर्षांच्या सहवासानें पाठ झालें होतें.

लंडनच्या जो मीकला अशी खोली नव्हती. होलोवे रस्त्यावर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावर त्याचें भाड्याचें बिऱ्हाड होतें. आवाज घुमविण्यास त्यानें न्हाणीघर वापरलें. एका गाण्यांत तालासाठीं गाणाऱ्यांनीं लांकडी जिन्यावर पाय आपटले, आणि मायक्रोफोन कठड्याला सायकलच्या चिमट्यांनीं अडकविले होते. या बिऱ्हाडांतून निघालेलें ‘टेलस्टार’ हें वाद्यसंगीत १९६२ सालीं इंग्लंड व अमेरिका दोन्ही देशांत अग्रस्थानीं गेलें. परंतु त्याचा शेवट दारुण झाला. कर्ज व मनोव्याधि यांनीं ग्रासलेल्या मीकनें १९६७ सालीं त्याच घरांत घरमालकिणीचा व स्वतःचा जीव घेतला. एकांत हा घरगुती शाळेचा गुण आहे, तसा धोकाही आहे. दुसऱ्याचा कान आणि दुसऱ्याची सोबत ही तेथेंही लागतेच.

१९७९ सालीं टीॲक या जपानी कंपनीनें साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र आवाज टिपणारें ‘पोर्टास्टुडिओ’ यंत्र काढलें. ब्रूस स्प्रिंगस्टीन या प्रसिद्ध अमेरिकन गायकानें तें सुमारें एक हजार डॉलरांस आणविलें, आणि १९८२ च्या जानेवारींत घरच्या खोलींत दोन साध्या मायक्रोफोनांवर आपलीं गाणीं केवळ कच्चा मसुदा म्हणून टिपलीं. पुढें वाद्यवृंदासह तीं मोठ्या स्टुडिओंत गाऊन पाहिलीं. पण मसुद्यांतला एकाकी सूर तेथें उतरेना. शेवटीं ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नांवानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. ज्याला कोणतेंही दालन परवडलें असतें, त्यानें घरची खोली निवडली. यंत्र खऱ्या अर्थानें घरीं परतलें तें येथें.

पुढची कथा संगणकाची आहे. ध्वनि कांपण्या-जोडण्याचें ‘ऑडॅसिटी’ हें फुकट साधन २००० सालीं उपलब्ध झालें. २०२० सालीं बिली आयलिश या तरुणीच्या ज्या संग्रहास ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला, तो बव्हंशीं तिच्या भावानें लॉस एंजेलिस येथील घरीं आपल्या निजावयाच्या खोलींत टिपला होता. घरांत संगणक आहे असें धरलें, तर एक मायक्रोफोन, त्यास संगणकाशीं जोडणारी पेटी, आणि कानांवर घालावयाचे हेडफोन, एवढी सामग्री आज मध्यम कुटुंबाच्या आवांक्यांत आली आहे.

या सामग्रीवर खर्च कोणत्या क्रमानें करावा, हें वरील इतिहासच सांगतो. प्रथम खोली निवडावी. चौरस व उघड्या भिंतींची खोली टाळावी; पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें, जाड पडदे, सतरंजी, दोरीवर टाकलेल्या गोधड्या हीं विकतच्या अस्तराहून स्वस्त आणि बऱ्याच अंशीं तितकींच उपयोगी. पंखा बंद करावा, आणि रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावी. मायक्रोफोन एकच, पण बरा घ्यावा, आणि तो कोठें ठेवला असतां तंबोरा व गळा दोन्ही मोकळे ऐकूं येतात हें वारंवार पाहावें. हातभर अंतराच्या फेरानें जो फरक पडतो, तो पुष्कळदां दुप्पट किंमतीच्या यंत्रानेंही पडत नाहीं. आणि टिपलेल्याची दुसरी प्रत वेगळ्या जागीं ठेवल्याशिवाय काम पुरें झालें असें मानूं नये.

मात्र खरा प्रश्न टिपावें कसें हा नसून टिपावें काय हा आहे. जात्यावरच्या ओव्या ही आपल्या स्त्रियांची केवढी मोठी निर्मिति; पिठाच्या गिरण्या आल्या आणि तीं गळीं हळूहळू मुकीं झालीं. हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांपैकीं कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. म्हणून त्या आज ऐकावयास मिळतात. परंतु प्रत्येक घरीं असा संग्राहक येणार नाहीं. आजीची आरतीची चाल, मंगळागौरीचीं गाणीं, गांवच्या भजनी मंडळांतील वृद्ध पखवाजियाचा हात, या गोष्टी कोणत्याही यादींत नाहींत. एडिसननें कल्पिलेली वही आतां आपल्याच घरांत, आपल्याच हातीं आहे. आवाज हरपले म्हणून आजवर कंपन्यांस बोल लावतां येत असे. यापुढें जे हरपतील, त्यांचा बोल आपणांवर राहील.