खाली घातलेल्या नजरेचा इतिहास

बोलताना समोरचा माणूस डोळ्याला डोळा देत नसेल, तर त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे असा सर्वसाधारण समज आहे. मुलाखत घेणारा अधिकारी, तोंडी परीक्षा घेणारा प्राध्यापक, चौकीवरचा जमादार, न्यायासनावरचा न्यायाधीश हे सारे कळत-नकळत या समजावर विसंबतात. नजर चुकवणारा खोटा, निदान न्यूनगंडाने पछाडलेला! हा निष्कर्ष वरवर मानसशास्त्रीय वाटतो. परंतु कोणी कोणाकडे पाहावे हेही ज्या समाजात जातीने ठरवले, तेथे नजरेचा अर्थ आधी इतिहासाला विचारला पाहिजे.

आपली भाषाच पाहा. ‘नजर चुकवणे’ म्हणजे अपराधी असणे, ‘मान खाली घालणे’ म्हणजे शरमणे. पण गावकुसाबाहेरचा माणूस ‘डोळे वर करून’ बोलला की तो माजला! खाली पाहिले तर चोर, वर पाहिले तर शिरजोर. दोन्ही बाजूंनी कोंडी करणारा हा न्याय आहे.

ही कोंडी आकाशातून पडलेली नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महारांवरील जुन्या निर्बंधांची नोंद आहे. थुंकीसाठी गळ्यात मडके, पावलांच्या खुणा पुसण्यासाठी मागे काटेरी फांदी, आणि ब्राह्मण येताना दिसला तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून दूर जमिनीवर पालथे पडणे. मडक्याचा उल्लेख आपण भाषणांतून नेहमी करतो. पालथे पडण्याचा फारसा करत नाही. पालथ्या पडलेल्या माणसाला माती दिसते, समोरचा चेहरा दिसत नाही. कारण सावलीचे सांगितले गेले. हिरावला गेला तो माणसाने माणसाकडे पाहण्याचा हक्क.

तमिळ मुलखात तिरुनेलवेली जिल्ह्यात हीच व्यवस्था आणखी एक पायरी खाली उतरली होती. अस्पृश्यांचे कपडे धुणाऱ्या पुरद वण्णान जातीला दिवसा घराबाहेर पडण्याची बंदी होती, कारण त्यांच्या नुसत्या दर्शनाने विटाळ होई. १९३२ च्या डिसेंबरात हे वर्तमान वृत्तपत्रात आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात ते उद्धृत केले. एकीकडे पाहणे गुन्हा, दुसरीकडे दिसणे गुन्हा.

गावगाड्यात ही शिस्त पोटाशी बांधलेली होती. वतनाचा महार चावडीपुढे वाकून ‘जोहार’ घाली. ज्याच्या खळ्यावरून बलुते यायचे, त्याच्या नजरेला नजर भिडवणे परवडणारे नव्हते. मुलांना हे कोणी शिकवावे लागत नसे; बापाची मान पाहून ती शिकत. शेकडो वर्षांच्या या तालमीला ‘स्वभाव’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

हा स्वभाव नव्हता याचा पुरावाही इतिहासातच आहे. पलटणीत कवायतीला उभ्या राहिलेल्या शिपायाला नजर समोर ठेवावी लागते. लष्करभरतीचे दार बंद झाल्यावर अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक होते, हा योगायोग मानता येत नाही. पुढे मार्च १९२७ मध्ये हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्यावर चालून गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यपणाची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून देण्यास सांगितले. खाली घातलेली मान ही तशीच एक खूण होती. ‘जोहार’ खालून वर जाई. ‘जयभीम’ला उत्तर ‘जयभीम’च येते. दोघेही सरळ उभे असतात.

दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्या चळवळीवरून नाव घेतले, त्या अमेरिकेतील काळ्यांनाही ही कोंडी ठाऊक होती. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९५१ साली मॅट इंग्रॅम या काळ्या शेतकऱ्यावर खटला झाला. आरोप होता एका गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याचा. प्रत्यक्षात त्याने तिला स्पर्शही केला नव्हता, दुरून पाहिले एवढेच. त्याची शिक्षा रद्द व्हायला १९५३ साल उजाडले.

आज हा प्रश्न आपल्या वर्गात आणि न्यायालयात उभा आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २८० साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरे नोंदवण्यास सांगत असे. त्या संहितेच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. अत्याचाराच्या खटल्यातील मजूर बाई साक्षीला उभी राहते. समोर आरोपी म्हणून गावचाच जमीनदार बसलेला असतो, आणि तिची नजर जमिनीकडे जाते. ती खोटे बोलते म्हणून, की उद्या त्याच गावात जगायचे आहे म्हणून? बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नजर टाळणे ही खोटेपणाची भरवशाची खूण ठरली नाही. विज्ञानाने सोडलेला समज शेऱ्यातून मात्र जिवंत राहतो.

अर्थात प्रत्येक खालची नजर म्हणजे गुलामीच, असे समजणेही घाईचे होईल. कोणी मुळात लाजाळू असतो, कोणी वडीलधाऱ्यांचा आदर म्हणून खाली पाहतो, कोणाचा मेंदूच डोळ्यांतले डोळे सहज पेलत नाही; आणि कोणी समोरच्याला उत्तर देण्याच्याही लायकीचा मानत नाही! म्हणूनच नजरेवरून माणसाची किंमत करू नये. विद्यार्थी खाली पाहून उत्तर देत असेल, तर शिक्षकाने उत्तर तपासावे. आणि नजर वाचायचीच असेल तर आधी हे विचारावे, की याने वर पाहिले तेव्हा काय झाले होते, आणि ते करणारे कोण होते?