कोर्टाची पायरी आणि कागदाची भाषा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी मुलखात जशी सर्वतोमुखी आहे, तशीच ती गोव्याच्या डिचोली आणि पेडणे महालांतही आहे. वकिलाचा खर्च आणि तारखांचे हेलपाटे हे तिचे एक कारण होय. परंतु मुळगावसारख्या खेड्यातील माणसाला ती पायरी अवघड वाटली, याला आणखीही एक कारण आहे. त्या पायरीच्या वर ज्या भाषेत निवाडा लिहिला जाई, ती भाषा त्याची नव्हती. डिचोली तालुक्यातील न्यायदानाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दुराव्याचा इतिहास आहे.

म्हापशाहून अस्नोड्यावरून डिचोलीकडे जाताना मुळगाव लागते. श्रीकेळबाईचे हे गाव. येथील जुने तंटे म्हणजे शेताच्या बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, कुळागराच्या सीमेचे. गोव्याच्या खेड्यांत असे तंटे गावकऱ्यांची सभा सोडवीत असे, आणि माणसांचे एकमत झाले नाही तर देवळात कौल लावला जाई. हा न्याय घराजवळ होता आणि समजणाऱ्या भाषेत होता. मात्र तो सर्वांना सारखा होता, असे म्हणता येणार नाही. ज्याला गावकरीचा हक्क नाही, जो दुसऱ्याच्या जमिनीवर खोपटे बांधून राहिला आहे, त्याच्या शब्दाला त्या सभेत वजन ते किती असणार!

1781 ते 1788 या काळात डिचोली, साखळी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. गोव्याच्या जुन्या काबिजादींत पोर्तुगीज न्यायव्यवस्था सोळाव्या शतकापासूनच रुजलेली होती. ‘रेलासांव’ नावाचे तेथील वरिष्ठ न्यायालय इतके बलाढ्य होते की, एके काळी मोझांबिक आणि मकाव येथील अपिलेही त्याच्यापुढे चालत. परंतु नव्या काबिजादींतील प्रजेचे धर्म व रूढी यांस हात लावणार नाही, असे वचन राज्यकर्त्यांनी दिले होते. वचन पाळायचे तर रूढी नेमक्या कोणत्या, हे न्यायाधीशाला कळावयास हवे. त्यासाठी 1853 साली नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता तयार झाली. फिलिप नेरी शाव्हियेर या गोमंतकीय विद्वानाने ती संपादित केली, आणि ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. या घटनेचे मोल फार मोठे आहे. परक्या राजवटीतही कायद्याचे एक पुस्तक असे निघाले, की जे डिचोलीच्या साक्षर माणसाला स्वतः उघडून वाचता येत होते.

पुढे मात्र वारा बदलला. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाला. या कायद्यात न्यायबुद्धीची मोठी तत्त्वे होती. सामान्यतः विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाई. वारसांचा ठरावीक वाटा मृत्युपत्रानेही हिरावून घेता येत नसे. मुलगा आणि मुलगी यांना वाटणी सारखी मिळे. हिंदूंच्या काही रूढींना 1880 च्या फर्मानाने स्वतंत्र स्थान राहिले. डिचोलीस कोमार्काचे न्यायालय आले, म्हणजे मुळगावकराला कोर्ट पायी जाण्याइतके जवळ झाले. पण जवळ आले ते अंतराने. घरचा कर्ता वारला की ‘इन्व्हेंतार’ निघे, म्हणजे मालमत्तेची यादी होऊन वाटणी होई. कायद्याने विधवेला अर्धा हिस्सा दिलेला असे, परंतु तो लिहिलेला कागद तिला वाचता येत नसे. आदवोगाद सांगेल ते खरे मानून तिने अंगठा उठवावा. खालचा निकाल मान्य नसेल तर पणजीचे रेलासांव, आणि त्याच्याही वर थेट लिस्बनचे सर्वोच्च न्यायालय. बांधावरचा तंटा समुद्रापलीकडे गेल्यावर त्याची वाट पाहत किती पावसाळे काढावयाचे?

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 साली रेलासांवची जागा न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाने घेतली, आणि 1982 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ पणजीस बसू लागले. 2021 साली त्याची नवी वास्तू पर्वरीस उभी राहिली. नागरी कायदा पोर्तुगीजांचाच राहिला. कोर्टाची भाषा तेवढी बदलली. पोर्तुगीज गेली आणि इंग्रजी आली.

मुक्तीनंतर खेड्यातील माणसाला जो न्याय खऱ्या अर्थाने भिडला, तो कोर्टाच्या दालनापेक्षा मामलेदाराच्या कचेरीत. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरविणारी दुरुस्ती, यांमुळे ज्याच्या शब्दाला गावसभेत वजन नव्हते तो प्रथमच दावेदार म्हणून उभा राहिला. 2014 साली हे दावे दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आले, तेव्हा कुळे आणि मुंडकार यांनी विरोध केला, आणि काही वर्षांतच ते मामलेदारांकडे परत आले. मामलेदारापुढे निदान आपल्या बोलीत बोलता येते, ही त्या विरोधामागची एक भावना होती.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. 2022 साली डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला, त्यात मुळगावचाही भाग आला. आमची घरे, देवळे, तळी आणि शेते त्यातून वगळा, अशी ग्रामस्थांची मागणी पुढे आली. अशा वेळी सारी मदार कागदावर असते. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचे नाव आहे की नाही, नकाशावरची रेघ तळ्याच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे ज्याला वाचता येते तोच आपला हक्क मागू शकतो.

कोर्टाची इमारत जवळ आणणे हे राज्यकर्त्यांना दोनदा साधले. निवाडा समजेल अशा भाषेत देणे मात्र 1853 च्या त्या पुस्तकानंतर फारसे साधलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची आता भारतीय भाषांत भाषांतरे होऊ लागली आहेत, हे सुचिन्ह होय. तीच रीत डिचोलीच्या कोर्टापर्यंत उतरली आणि आपल्या घराचा निकाल मुळगावच्या माणसाला स्वतः वाचता आला, तर ती पायरी चढण्याचे भय पुष्कळसे ओसरेल.