एररचा मालक कोण? रस्ट कंपाइलरमधल्या एका दुरुस्तीचा इतिहास

इतिहास म्हटलं की पुण्यात गाडी शनिवारवाड्यापाशीच थांबते. आजच्या एपिसोडमधला इतिहास मात्र कंपाइलरच्या पोटातला आहे, आणि जेमतेम दहा वर्षांचा. आपण चुकीचा कोड लिहिला की कंपाइलर एरर देतो. ती एरर आपल्यापर्यंत पोचेपर्यंत आत कोणाच्या ताब्यात असते, हा आजचा प्रश्न. कोडिंग येत नसलं तरी ऐका. कोडची एकही ओळ वाचून दाखवणार नाहीये.

आधी थोडं मागे जाऊ. 1964 साली मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये सीडीसी 3600 हा मोठा कॉम्प्युटर आला. त्या काळी प्रोग्राम म्हणजे पंचकार्डांचा गठ्ठा. गठ्ठा द्यायचा आणि छापील कागदाची वाट बघायची. कागदावरची एरर नीट कळली नाही, तर कार्ड दुरुस्त करून पुन्हा रांगेत. म्हणजे एरर मेसेज चांगला की वाईट, याचा हिशोब थेट वाया गेलेल्या वेळात व्हायचा.

पुढे आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांचं सिस्टम्स प्रोग्रामिंगचं पुस्तक आलं. पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या पोरांना हे नाव वेगळं सांगायला नको. टू-पास असेम्बलरचं प्रॅक्टिकल आणि हे पुस्तक, अशी ती जोडी आहे. त्यात एक छोटा भाग आहे, जो परीक्षेच्या नादात बरेच जण गाळतात: एरर पहिल्या पासमध्ये सांगायची की दुसऱ्या? पहिल्यात सांगितली तर काम सुटसुटीत होतं, पण एखादं नाव पुढे कुठे येणार आहे की नाही, हे तेव्हा माहीत नसतं. दुसऱ्यात सांगितली तर नेमक्या त्या ओळीपाशी सांगता येते. मला हा भाग फार आवडतो, कारण एरर 'कधी' सांगायची हासुद्धा डिझाइनचा प्रश्न आहे, हे तिथे कळतं.

आता येऊ रस्टकडे. रस्ट 1.0 आली 15 मे 2015 ला. तेव्हा तिच्या कंपाइलरमध्ये एरर सापडली की लगेच छापली जायची, आणि सोबतची टीप वेगळी छापली जायची. दोन्ही एकाच प्रकरणातल्या आहेत, हे कंपाइलरला आतून माहीतच नसायचं. माणूस वाचून समजून घ्यायचा, पण एडिटरला ते कसं कळणार?

म्हणून त्याच वर्षाच्या शेवटी निक कॅमेरॉन यांनी 'डायग्नॉस्टिक बिल्डर' आणला. महापालिकेतला तक्रारअर्ज डोळ्यांसमोर आणा. कोरा अर्ज घ्यायचा, तक्रार लिहायची, मागे कागदपत्रं जोडायची. सगळं झालं की खिडकीत द्यायचा. बिल्डर म्हणजे तो अर्ज, टीपा म्हणजे जोडलेले कागद, आणि खिडकीत देणं म्हणजे 'एमिट'. आणखी एक सोय होती, 'कॅन्सल'. पार्सर कधीकधी एक वाट धरून बघतो, ती चुकीची निघाली तर मागे येऊन दुसरी धरतो. मग आधी भरलेला अर्ज फाडायचा.

पण एक भीती होती. अर्ज भरला आणि खिशातच विसरला तर? कंपाइलरला चूक सापडली होती, पण ती कोणाला सांगितलीच नाही! म्हणून बिल्डरमध्ये एक सापळा लावला. अर्ज ना दिला, ना फाडला, आणि तसाच टाकून दिला, तर कंपाइलर स्वतःच 'माझ्यात बग आहे' म्हणून बोंब मारतो. कोडमधल्या कॉमेंटमध्ये याला चक्क 'डिस्ट्रक्टर बॉम्ब' म्हटलंय.

इथे गंमत बघा. रस्टची सगळी ख्याती आहे ओनरशिपसाठी, म्हणजे मालकीसाठी. प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक. मित्राला स्कूटरची चावी दिली तर ती उसनवारी, संध्याकाळी परत येते. आरसी त्याच्या नावावर केली तर स्कूटर गेली, आता आपण चावी मागू शकत नाही. आणि हा हिशोब प्रोग्राम चालण्याआधीच कंपाइलर तपासतो. पण याच कंपाइलरच्या स्वतःच्या घरात, 'एमिट' अर्ज फक्त उसना घ्यायचं! खिडकीत दिल्यावरही अर्ज आपल्याच हातात. त्यावर पुन्हा काही लिही, पुन्हा खिडकीत दे, टाइप सिस्टम काही म्हणायची नाही. पोकळ झालेला अर्ज ओळखण्यासाठी आत वेगळी खूण ठेवावी लागायची. लोकांघरी शिस्त, आणि स्वतःच्या घरी भरवसा.

असं का केलं असेल? मला कारण आळस वाटत नाही, सोय वाटते. 'ही टीप जोड, मग ती जोड, अट लागू असेल तर तिसरी जोड' असं लिहायला उसना अर्ज बरा पडतो. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतला 'कमांड' हा बिल्डरही याच पद्धतीचा आहे.

2022 च्या सुरुवातीला एक पाऊल पुढे पडलं. एडीबी या नावाने काम करणाऱ्या कॉन्ट्रिब्युटरने 'एमिट' केल्यावर पोच मिळेल अशी सोय केली. एरर एमिट केली की एक छोटी व्हॅल्यू हातात येते, तिचं आजचं नाव 'एरर गॅरंटीड'. ही पोच दाखवली की कंपाइलरचे पुढचे भाग निश्चिंत होतात: चूक सांगून झालीय, आता हा प्रोग्राम यशस्वीपणे कंपाइल होणार नाही.

आणि मग जानेवारी 2024. निकोलस नेदरकोट यांनी ठरवलं की 'एमिट'ने अर्ज कायमचा ताब्यात घ्यायचा. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या टूलवर काम केलेल्यांपैकी एक, हेच ते गृहस्थ. बदल ऐकायला एका शब्दाचा, पण अडचण साखळीत होती. टीप जोडणारं फंक्शन काम झाल्यावर उसना अर्ज परत करायचं, आणि खिडकीला आता हवा होता अस्सल. म्हणून प्रत्येक कामाची जोडी तयार झाली. एक रूप उसन्या अर्जावर लिहिणारं, दुसरं 'विथ'ने सुरू होणारं, जे मालकी घेतं आणि मालकीच परत देतं. मग कंपाइलरभर पसरलेल्या वापराच्या जागा बदलल्या. काही आठवड्यांत बिल्डरचं लांबलचक नावही कापून फक्त 'डायग' झालं.

म्हणजे आता सगळं बिनधोक? नाही. आता एकच अर्ज दोनदा देता येत नाही, हे कंपाइल होतानाच पक्कं होतं. पण अर्ज विसरणं रस्टच्या मालकीच्या नियमात बसतं. मालकाला वस्तू टाकून द्यायचा हक्क आहे. म्हणून तो बॉम्ब आजही जागेवर आहे. दोनदा नको, यासाठी मालकी. शून्यदा नको, यासाठी बॉम्ब. आणि दिलाय याचा पुरावा म्हणून पोच. एकच हत्यार पुरलं नाही, तिन्ही लागली.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? 2023 मध्ये फेरोसीन हा रस्ट कंपाइलर गाड्यांच्या सुरक्षेच्या आयएसओ 26262 या मानकासाठी पात्र ठरला. तो याच कंपाइलरवर उभा आहे. पिंपरी, चाकण, हिंजवडीत गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे किती जण हे ऐकत असतील! ब्रेकच्या कोडमधली चूक कंपाइलरला कळली आणि खिशातच राहिली, हे कोणालाच परवडणारं नाही.

आणि दुसरी बाजू आपली. मराठी माध्यमातून आलेल्या, क्लास न परवडणाऱ्या कितीतरी पोरांचा पहिला मास्तर म्हणजे स्क्रीनवरची ती लाल ओळ. ती वेळेवर, एकदाच आणि नीट टिपेसह यावी, म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं त्या अर्जाची मालकी निस्तरतंय. पुढच्या वेळी एरर आली की वैतागा जरूर, पण खालची टीपही वाचा. ती तिथवर पोचावी म्हणून बरीच मेहनत झालीय.