कलमाच्या गाठीचा इतिहास

शनिवार-रविवारची सुटी, चार मित्र, एक गाडी आणि नाशिकजवळच्या वायनऱ्या असा बेत आता नवा राहिलेला नाही. पाहुण्यांना पोलादी टाक्या दाखवतात, किण्वन समजावून सांगतात, मग चव घ्यायला पेले पुढे येतात. (विद्यार्थ्यांची सहल नेल्यास हा शेवटचा टप्पा वगळावा, हे सांगायला नकोच!) पण मळ्यातून फिरताना वेलीच्या बुंध्याशी सहसा कोणी वाकत नाही. वाकून पाहिले, तर पुष्कळ वेलींच्या खोडावर जमिनीपासून थोड्या उंचीवर एक फुगीर गाठ आढळते. गाठीच्या वर शिराझ किंवा सोव्हिनिऑन ब्लाँ, म्हणजे मूळची फ्रान्सची द्राक्षे. खाली बहुधा अमेरिकेतला रानटी खुंट. ही सोयरीक जुळली ती एका संकटातून.

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात १८६३ च्या सुमारास द्राक्षवेली वाळू लागल्या. पाने अवेळी पिवळी पडत, गळत आणि दोन-तीन वर्षांत वेल मरे. मेलेली वेल उपटून पाहावी, तर मुळे काळी, कुजलेली. कीड मात्र कुठेच नाही. जुलै १८६८ मध्ये माँपेलिये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल प्लांशाँ दोन सहकाऱ्यांसह पाहणीला गेले. त्यांनी मेलेल्या वेलींवर न थांबता शेजारच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या वेलींची मुळेही तपासली. भिंगाखाली तेथे पिवळसर, माव्यासारखे असंख्य किडे रस शोषताना दिसले. रस संपला की किडे पुढच्या वेलीकडे सरकत. म्हणून प्रेताजवळ मारेकरी सापडत नसे!

किड्याला फायलोक्सेरा हे नाव मिळाले, पण वाद मिटला नाही. पॅरिसमधील काही मान्यवर म्हणत, किडा हे रोगाचे कारण नव्हे, परिणाम होय. वेल आधी अशक्त होते, मग तिला कीड लागते. कारण आणि परिणाम यांची ही गल्लत वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहे. वेली निरोगी दिसत असतानाच किडे हजर होते, हा प्लांशाँ यांचा पुरावा खरे तर पुरेसा होता. तरी वाद काही वर्षे चालला आणि मळे मरतच राहिले. १८७४ मध्ये सरकारने उपायासाठी ३ लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाच मिळाले नाही. कार्बन डायसल्फाइड जमिनीत टोचून पाहिले, शेते पाण्याखाली बुडवून पाहिली. दोन्ही उपाय थोडेफार लागू पडत, पण खर्च गरीब शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. १८७५ मध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर असलेले फ्रान्सचे वाइन-उत्पादन १८८९ मध्ये अडीच कोटींच्याही खाली आले.

उत्तर मिळाले ते किड्याच्या माहेरी. अमेरिकेतील मिसुरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी दाखवून दिले, की तिकडच्या द्राक्षपानांवर गाठी करणारा किडा आणि फ्रान्समध्ये मुळांवर बसणारा किडा एकच. हौसेने मागवलेल्या अमेरिकन रोपांबरोबर तो समुद्र ओलांडून आला होता. अमेरिकन वेली मात्र त्याच्यासह पिढ्यान् पिढ्या जगत आल्या होत्या. किडा चावला की त्यांची मुळे जखमेभोवती बुचासारखा थर तयार करतात. युरोपीय मुळांची जखम उघडी राहते, तीत बुरशी शिरते आणि मूळ कुजते. मग अमेरिकन खुंटावर युरोपीय डोळा बांधला तर? द्राक्षाला रानटी वास येईल, अशी ओरड झाली. पण फळ कोणत्या जातीचे, हे वरची फांदी ठरवते.

तरी एक अडचण उरली. बरेच अमेरिकन खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडत. त्यासाठी १८८७ मध्ये प्येर व्हियाला अमेरिकेत गेले. टेक्ससमधील टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना तेथील चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या आणि त्यांच्यापासून पुढे उपयुक्त खुंट तयार झाले.

याच मन्सन यांनी टेक्ससमधील बेल परगण्यातून निवडलेला एक खुंट म्हणजे डॉगरिज. महाराष्ट्रातल्या बागाईतदारांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. आपल्याकडे मात्र तो फायलोक्सेरासाठी आला नाही. पाण्याचा ताण आणि जमिनीतले वाढते क्षार त्याची मुळे सोसतात, म्हणून आधी त्याची रोपे लावून मग त्यांवर हव्या त्या द्राक्षाचे कलम बांधतात.