आईचं कौतुक आणि नाण्याची साक्ष

आजचा विषय नाण्यांचा आहे, पण सुरुवात एका शिलालेखापासून करू. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षीचा. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंश निपटून काढला, असं त्यात म्हटलंय. आता आईने मुलाचं कौतुक केलं तर नवल काय? पण आपल्याला विचारावंच लागतं, याला दुसरा साक्षीदार आहे का?

तो सापडला १९०६ साली, नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला. चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा ठेवा. नाणी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं. दुसरीकडे बाण नि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला! एकीकडे चैत्य आणि नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह.

हौशी संग्राहक असं नाणं हातात घेतो आणि म्हणतो, चेहरा बिघडलाय, किंमत कमी करा. आपण म्हणू, तो बिघाड हीच तर साक्ष आहे. नव्या राजाने जुन्याची चांदी वितळवत न बसता तिच्यावर आपलं नाव ठोकलं, हे त्या 'खराब' नाण्यानेच सांगितलं.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवू या. नाणं खरं आहे का, हा एक. ते कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. खरं नाणं झिजलेलं असू शकतं, आणि खोटं अगदी देखणं.

पारख कशी करायची? ही नाणी ठशाने ठोकलेली. नकली बहुधा साच्यात ओतलेली असतात. भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, कडेला जोडाची रेघ सापडते, अक्षरं बोथट वाटतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल, तर समजावं की दोन्ही एकाच साच्यातली. वजन पाहावं, नहपानाचं नाणं सुमारे दोन ग्रॅमचं. वाजवून मात्र निर्णय देऊ नये. जमिनीत शतकं काढलेली चांदी ठिसूळ होते, मग खरं नाणंही बद्द वाजतं.

आणि घासू नये. तरुणपणी आम्ही असंच एक दुहेरी छापाचं नाणं चिंच आणि राखेने लखलखीत केलं. वरच्या चैत्याखाली नहपानाच्या नाकाची पुसट रेघ होती, ती गेली. आता नाणं चकाकतं, पण बोलत नाही.

शेवटी तिसरा प्रश्न, जो बाजारात कुणी विचारत नाही: हे नाणं कुणाच्या सोबतीने सापडलं? जोगलटेंभीची नाणी मोजण्याआधीच एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येक नाणं खरंच राहिलं असतं. पण १३ हजारांत ९ हजार, हे प्रमाण आपल्याला कधीच कळलं नसतं. आईचा शब्द एकटा पडला असता.

तेव्हा जुनं नाणं हाती आलं तर आधी विचारा, कुठून आलं? किती मिळतील, ते मागाहून. इथे थांबू या.